कडी बाहेरून लावलेली होती

ही गोष्ट मी जवळजवळ चाळीस वर्षं कुणाला सांगितली नाही. टाळली, असंच म्हणायला हवं. या सदरातले लोकांचे न उलगडलेले अनुभव मी नेहमी वाचतो, आपणही लिहावं असं मनात येतं, आणि मग पान उलटतो. या वेळी उलटलं नाही. माझं वय सत्त्याऐंशी आहे, हात थरथरतो, अक्षर वाईट आलंय. संपादकांनी सांभाळून घ्यावं.

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. मी शाळामास्तर होतो. सगळी नोकरी सामान्य विज्ञान आणि गणित शिकवण्यात गेली. शाळेजवळच्या पिंपळावर मुंज्या आहे अशी बोलवा होती, तेव्हा अख्खा सातवीचा वर्ग मी त्या पिंपळाखाली डबे खायला बसवला होता. असा माणूस मी.

पण एका गोष्टीवर माझा विश्वास होता, आणि तो विश्वास आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. मला ती माहिती वाटायची... पाणी उताराकडे वाहतं तशी. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या पानवेलींची वाडी होती, म्हणजे खायच्या पानांची. पानवेल फार नाजूक. वाडीत चप्पल घालून जायचं नाही, उष्ट्या हाताने वेलीला शिवायचं नाही, आणि बाईला अडचण असेल तर ते चार दिवस तिने वाडीत पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर वेल सुकते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते घरातच होतं.

जागा नीट सांगतो, कारण पुढे ती महत्त्वाची आहे. वसई तालुक्यातलं भुईगाव. चर्चवरून समुद्राकडे जो रस्ता जातो त्याच्या दोन्ही बाजूंना वाड्या, त्यातली एक आमची. घराला मागे पडवी, पडवीच्या टोकाला एक खोली. खोलीला एकच दार आणि गजांची एक लहान खिडकी. पडवीतून उतरलं की केळी, केळींच्या पलीकडे पानवेली, आणि त्याच्याही पलीकडे, अगदी कोपऱ्यात, विहीर. पडवीपासून विहीर सव्वाशे पावलं. मी मोजली आहेत. नंतर मोजली.

विहिरीवर पूर्वी रहाट होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो – रेडा विहिरीशेजारी गोल गोल फिरतो, त्याच्याबरोबर लाकडी चाकं फिरतात, चाकावरून लोट्यांची माळ विहिरीत जाते, लोटे भरून वर येतात आणि कुंडीत रिकामे होतात. कुंडीतून पाटाने पाणी वाडीभर. त्याचा एक आवाज असतो. लाकूड कण्हल्यासारखी एक लांब करकर, मग पाण्याचा धबाक्, मग पुन्हा करकर. ज्याने लहानपणापासून ऐकलाय तो दुसऱ्या कशाशी त्याची गफलत करणार नाही.

माझी बायको वत्सला लग्न होऊन आली ती त्याच आवाजात. पहाटे रेड्याच्या पाठीवर हात ठेवून त्याच्यामागे फिरायचं काम तिचं. ती म्हणायची, “मला याच्या तालात चालता चालता झोप लागते. रेडा थांबला की जाग येते.” आम्ही हसायचो. ब्याऐंशी साली मी विजेची मोटर बसवली, पाणी कुंडी-पाट सोडून पाइपने जायला लागलं, मग रेडा दिला, आणि रहाट मोडून त्याचं लाकूड-लोखंड विकून टाकलं. तिने एकदाच म्हटलं होतं, “राहू दे ना तो. उभा राहिला तर काय खातोय का?” मी म्हटलं, जागा अडते. दोन दगडी खांब तेवढे राहिले, आणि रेड्याच्या पायांनी शंभरेक वर्षांत खोल झालेलं ते गोल रिंगण. त्यात गवत माजलं.

हे सगळं घडलं ते शहाऐंशी सालच्या एप्रिलमध्ये. पण सुरुवात आदल्या दिवाळीपासूनच झाली होती. वत्सलाचं वय तेव्हा शेहेचाळीस.

तिची झोप गेली. आधी वाटलं, सणाची दगदग. मग रोजच. रात्री दोन-तीनदा ती घामाने भिजून उठायची, पदर, उशी सगळं ओलं. ऐन थंडीत अंगावरचं पांघरूण फेकून द्यायची. माझी झोपमोड नको म्हणून पडवीच्या टोकाच्या खोलीत झोपायला लागली. दिवसा तिचं डोकं ताळ्यावर नसायचं. आयुष्यात कधी आवाज न चढवलेली बाई, एक दिवस तिने भाजीचं पातेलं अंगणात भिरकावलं, कारण आई म्हणाली मीठ जास्त झालं. मग तेच पातेलं मांडीवर घेऊन रडत बसली. पाळीचा काही नेम राहिला नव्हता. दोन-दोन महिने नाही, आणि मग अचानक.

आणि एक दिवस सकाळी चहा देताना ती म्हणाली, “रात्रभर रहाट चालू होता.”

मी म्हटलं, “वत्सला, रहाट विकून चार वर्षं झाली.”

“ते मला माहीत आहे हो. विकला नाही असं कुठे म्हणतेय मी? चालू होता, एवढंच म्हणतेय.”

मी पेपर वाचत राहिलो.

दुसरीही एक गोष्ट ती तेव्हा सारखी म्हणायची. “विहिरीचं पाणी बदललंय. मचूळ लागतंय. डाळ शिजत नाही.” त्यावर माझी आई म्हणायची, “डाळ शिजत नाही कारण तुझं चुलीकडे लक्ष नाही. पाण्याला नावं ठेवते!” आई सत्तरीची, वाडी तिच्याच शब्दावर चालायची. मी पाणी चाखून पाहिलं नाही. शाळेत मी मुलांना पाणी तपासण्याचे प्रयोग शिकवत होतो, आणि घरची विहीर चाखून पाहिली नाही.

माघ महिन्यात वत्सला वाडीच्या एका कोपऱ्यात पानं खुडत असताना तिची पाळी आली. तिला कळलंही नाही, आईने मागून पाहिलं. आई जी ओरडली ती रस्त्यापर्यंत ऐकू गेली असेल. “वाडी बाटवलीस! एवढी वर्षं झाली, अजून दिवस मोजता येत नाहीत?”

वत्सला हातातली पानं तशीच धरून उभी. “आई, काय मोजू? तीन महिने काहीच नव्हतं.”

“नव्हतं म्हणून आज येणार नव्हतं का?”

पंधरा दिवसांत त्याच कोपऱ्यातल्या वेली पिवळ्या पडायला लागल्या. पानांच्या कडा करपल्यासारख्या. मग शेजारची ओळ. मग तिच्या पुढची. आता मला माहीत आहे की तो कोपरा विहिरीच्या सगळ्यात जवळचा, आणि तिथे पाणी सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त पोचायचं. आमच्या सगळ्यांच्याच मोटरी विहिरी उपसत होत्या आणि खालून खारं पाणी आत येत होतं. पुढे चार-पाच वर्षांत आजूबाजूच्या कितीतरी विहिरी गेल्या. तिची जीभ आम्हा सगळ्यांच्या आधी ओळखत होती. पण त्या वेळी आईने एवढंच ठरवलं की कधी काय होईल याचा नेम नाही, तेव्हा पाळी कायमची जाईपर्यंत वत्सलाने वाडीत जायचंच नाही. मी मान डोलावली.

आमच्या शेजारच्या वाडीत कतरीनबाय राहायची. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, बिनधास्त बाई. तिने एकदा कुंपणापाशी मला थांबवलं. तिची बोली मला जशीच्या तशी लिहिता येणार नाही, म्हणून साध्या मराठीत लिहितो.

“मास्तर, वत्सूबायला काय करताय तुम्ही लोक?”

“काही नाही. तब्येत बरी नसते.”

“तब्येतीला काही झालं नाही. पाळी जातेय तिची. मला दोन वर्षं झोप नव्हती, माहितीय? पहाटेपर्यंत ओट्यावर रोझरीची माळ घेऊन बसायची. आमचा म्हातारा विचारायचा, तुझ्या अंगात चूल पेटलीय का? मी म्हटलं, ठेव डोक्यावर पातेलं, भात होईल!” ती मोठ्याने हसली, आणि मग एकदम गंभीर झाली. “जातं हे. पण त्या दिवसांत कुणीतरी आपलं ऐकावं लागतं. तिला डॉक्टरीणबाईंकडे न्या. आणि वाडीत फिरू द्या तिला, वाऱ्याला.”

परक्या बाईने तोंडावर पाळीबद्दल बोलावं याचीच मला इतकी लाज वाटली की तिने काय सांगितलं ते माझ्या कानाआडच गेलं. मी “बरं बरं” म्हणून निघालो. म्हणजे मला कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही.

वत्सला वाडीत जायची थांबेना. दार उघडं दिसलं की निघालीच, बहुतेक वेळा पहाटे. विहिरीवर जाऊन डोक्यावर घागर ओतायची, त्या खांबांपाशी बसून राहायची. विचारलं तर म्हणायची, “तिथे गेलं की आतला जाळ शांत होतो.” मग आईने खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवून घेतली. कडी मीच आणली. नालासोपाऱ्याच्या बाजारातून, खिळ्यांसकट.

कडी रोज लावत नव्हतो. घरात कुणी नसेल तेव्हाच. हे वाक्य मी स्वतःला चाळीस वर्षं सांगत आलोय.

आता ती दुपार.

शाळा सकाळची होती, मी बाराला घरी आलो. मुलगी शुभदा चौदा वर्षांची, तिची वार्षिक परीक्षा चालू, ती दुपारच्या पेपरला गेलेली. आई अर्नाळ्याला एका साखरपुड्याला निघाली होती. जाताना मला म्हणाली, “मोटर लाव आणि पाणी सोड. आणि हिला कोंड. निम्मी वाडी गेली, उरलेली तरी राहू दे.”

आई गेल्यावर मी पडवीत गेलो. वत्सला खोलीत भिंतीला टेकून बसली होती, सकाळी अंगण सारवलं होतं तिने, पायांना शेण वाळलेलं. पांढरं लुगडं, निळे काठ. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मी दार ओढायला लागलो तशी म्हणाली, “अहो, कडी घालू नका. आत फार गरम होतं हो मला. मी कुठे जात नाही. इथे पडवीत बसते, तुमच्या डोळ्यांसमोर.”

मी म्हटलं, “अर्ध्या तासात येतो.”

“शपथ घेऊन सांगते, वेलींना हात लावणार नाही.”

मी कडी घातली. कडीत लाकडाची खुंटी ठोकली. आतून ती एकदाच म्हणाली, “आज तरी मला झोप लागावी.” मला म्हणाली की देवाला, कोण जाणे.

वाडीत जाऊन मी मोटर लावली. पाच-दहा मिनिटं चालली असेल, तेवढ्यात वीज गेली. तेव्हा दुपारची वीज जाणं नेहमीचंच. मी वेलींच्या मधोमध, सावलीत, वीज यायची वाट पाहत बसलो. ऊन रणरणत होतं. वारा पडलेला. एक पान हलत नव्हतं, कावळासुद्धा ओरडत नव्हता.

आणि आवाज आला. करकर... धबाक्. करकर... धबाक्.

मला आधी काहीच वाटलं नाही. जन्मभर ऐकलेला आवाज, मन म्हणालं, रहाट चालू आहे. मग आठवलं. आमच्या आसपास ऐकू येईल अशा एकाही विहिरीवर तेव्हा रहाट उरला नव्हता. कतरीनबायनेही दोन वर्षांपूर्वी काढला होता.

आवाज आमच्याच विहिरीकडून येत होता. मी उठलो. मी मास्तर, जाऊन बघायलाच हवं असं स्वतःला सांगत वेली बाजूला करत गेलो. जवळ जाताना ओल्या लाकडाचा आणि शेवाळाचा वास आला... रहाटाचाच वास, चार वर्षांनी.

विहिरीवर रहाट नव्हता. दोन खांब होते, बस्स. आणि रिंगणात वत्सला चालत होती.

पांढरं लुगडं, निळे काठ, केस मोकळे. उजवा हात पुढे, कमरेच्या थोडा वर, तळवा खाली – रेड्याच्या पाठीवर ठेवतात तसा. हाताखाली काही नव्हतं. ती संथ चालत होती, आणि तिच्या पावलाबरोबर तो आवाज येत होता. वरून काहीही ओतत नसताना कोरड्या कुंडीत पाणी पडत होतं. मला दिसत होतं, कुंडी भरून पाटात पाणी निघालं होतं, मोटर आल्यापासून सुका असलेला तो पाट काळा होत होत माझ्या पायांकडे येत होता.

मला आधी रागच आला. सांगायला लाज वाटते, पण हेच खरं. ही बाहेर कशी आली? मी ओरडलो, “वत्सला!”

ती थांबली नाही. वळण घेऊन माझ्यासमोर आली, हातभर अंतरावरून गेली. तिचे डोळे मिटलेले होते. तोंड किंचित उघडं. गाढ झोपलेल्या माणसाचा श्वास तिचा, मी ऐकला तो. कित्येक महिन्यांत तिचा चेहरा असा सैल झालेला मी पाहिला नव्हता. त्याच चेहऱ्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली. एवढ्यात पाटातलं पाणी माझ्या अनवाणी पायांना लागलं. बर्फासारखं गार.

मी पळालो. अठ्ठेचाळीस वर्षांचा मास्तर, केळीच्या पानांवर आपटत, धोतर सावरत पळत सुटलो. मला वाटत होतं घरी जावं, माणसं बोलवावीत. पडवीत चढलो आणि थांबलो.

कडी घातलेली होती. खुंटी मी ठोकली होती तशीच, तिरकी.

मागे विहिरीकडून आवाज अजून येत होता. करकर... धबाक्.

मी खुंटी उपसली. कडी काढली, दार ढकललं. वत्सला आत जमिनीवर कुशीवर झोपली होती. हात डोक्याखाली. गाढ, घोरत. लुगड्याचा काठ ओला. आणि तिचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत ताज्या काळ्या चिखलाने माखलेले, बोटांच्या फटीत गवताचं हिरवं पातं. दारापासून तिच्यापर्यंत, खिडकीपासून तिच्यापर्यंत, सारवलेल्या जमिनीवर एक ठिपका नव्हता.

मी उंबऱ्यात उभा, माझ्यासमोर ती झोपलेली, आणि मागे तो आवाज. दोन्ही एकाच वेळी. किती वेळ, सांगता येत नाही. मग वत्सलाने झोपेतच एक सुस्कारा टाकला, कूस बदलली, आणि आवाज बंद झाला. रेडा थांबल्यासारखा.

आता जे लिहितो, त्यासाठी हे सगळं लिहिलं.

मी तिला उठवलं नाही. मी तांब्याभर पाणी आणलं, फडकं आणलं, आणि तिच्या पायांशी बसून तिचे पाय धुतले. प्रेमाने नाही. भीतीने. हे कुणाला दिसायला नको, आईला नको, गावाला नको, आणि तिला तर अजिबात नको. बोटांमधलं गवत काढलं. जमीन पुसली. फडकं चुलीत जाळलं. तिला जाग आली नाही. ती दिवेलागणीपर्यंत झोपली.

संध्याकाळी कतरीनबाय कुंपणाशी आली. “मास्तर, रहाट परत लावलात का? दुपारी आवाज आला. बरं वाटलं कानाला.”

मी म्हटलं, “छे. तुम्हाला भास झाला असेल.”

तिने कपाळाला, छातीला हात लावून क्रूस काढला आणि ती निघून गेली. ती एक साक्षीदार होती. मी तिलाही खोटं पाडलं.

वत्सला उठली ती कितीतरी दिवसांनी हसत उठली. मी कंदील पुसत होतो, तिथे येऊन बसली. “अहो, मला झोप लागली! मी रहाटावर होते. पाणी किती गोड होतं, पहिल्यासारखं. तुम्ही मला हाक मारलीत ना? मला ऐकू आली, पण थांबता येईना.” मग थोडं थांबून, “मी खरंच गेले होते का वाडीत?”

“नाही. तू इथेच होतीस. कडी होती ना.”

“मग माझे पाय कुणी धुतले?”

मी काच पुसत राहिलो.

“सकाळचं शेण होतं पायांना. मी तशीच आडवी झाले होते. आता नाहीये.”

मी म्हटलं, “तूच धुतलेस. झोपायच्या आधी. विसरलीस?”

ती आपल्या पायांकडे बघत राहिली. खूप वेळ. तिच्या चेहऱ्यावरचं हसू कसं उतरत गेलं ते मी पाहिलं आहे. “धुतले असतील,” ती म्हणाली. “माझंच काही खरं नाही आता.”

त्या दिवसापासून वत्सला सुधारली, असं सगळे म्हणाले. ती वाडीत गेली नाही. भांडली नाही. रहाटाचं नाव काढलं नाही, पाण्याचंही नाही. फक्त प्रत्येक गोष्ट विचारून करायला लागली. आमटीत मीठ घातलं का मी? दार लावलं का? हे मी आत्ता बोलले का, की मनातच? दोन-अडीच वर्षांनी पाळी गेली, झोप परत आली, घाम थांबला. कतरीनबाय म्हणाली होती तसंच झालं. पण ते विचारणं गेलं नाही. जन्मभर राहिलं. तो काही त्या वयाचा आजार नव्हता. तो मी दिला होता, एका वाक्यात.

वेली पुढच्या पावसाळ्याआधीच संपल्या. मी ते दोन खांब पाडून विहिरीत टाकले आणि रिंगण बुजवून घेतलं. कडी मात्र कुणी काढली नाही. अजून त्या दाराला आहे, गंजलेली.

मी विचार करायचा सोडला नाही. खिडकीचा एकेक गज हलवून पाहिला, एकही सैल नव्हता. झोपेत चालण्याबद्दल मिळेल ते वाचलं. पण झोपेत चालणारं माणूस बंद दारातून जात नाही, आणि एका वेळी दोन ठिकाणी नसतं. उन्हाने मला भोवळ आली म्हणावी, तर चिखल माझ्या हातांना लागला होता आणि आवाज कतरीनबायने ऐकला होता. स्पष्टीकरण मला तेव्हा मिळालं नाही, आजही नाही. भीती मात्र अजून तीच आहे. दुपारी वीज गेली आणि पंखा थांबला की मी घरात थांबत नाही. काठी घेऊन रस्त्यावर येऊन बसतो, चार माणसांत, गाड्यांच्या आवाजात.

शुभदा आता त्रेपन्न वर्षांची आहे. गेल्या महिन्यात राहायला आली होती. पहाटे मी उठलो तर ही ओट्यावर बसलेली, पदराने गळा पुसत.

“झोप नाही लागली?”

“सहा महिने झाले, नाना. काही सुचत नाही. परवा ऑफिसात रडले, कारण नसताना.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “आईला याच काळात वेड लागलं होतं ना? मलाही तसंच होणार का?”

“तुझी आई वेडी नव्हती.”

“मग तिला का कोंडायचात तुम्ही?”

मी चहा ठेवायला उठलो. शुभदाने डॉक्टरांना दाखवलंय, औषध चालू आहे, या वयात असं होतं हे तिला ठाऊक आहे. तरी ती घाबरलेली होती. आणि ती भीती तिच्या आईकडून आलेली नाही, माझ्याकडून आलेली आहे. शुभदा, तू हे सदर वाचतेस. तुझी आई जे म्हणत होती ते सगळं खरं होतं. पाणी मचूळ होतं. रहाट चालू होता. पाय तिने धुतले नव्हते.

हे मला ज्या माणसाला सांगायचं होतं, तिला सांगता आलं नाही. आठ वर्षांपूर्वी वत्सला अंथरुणाला खिळली. शेवटच्या आठवड्यात तिचं अंग मीच पुसायचो. एका सकाळी पाय पुसत होतो, कोमट पाण्याने, बोटांमधून फडकं फिरवत. ती डोळे मिटून पडली होती. अचानक म्हणाली, “तुमचा हात ओळखीचा आहे.”

माझा हात थांबला.

“त्या दिवशीही असाच होता का?” तिने विचारलं. डोळे उघडले नाहीत. आवाजात राग नव्हता. नुसतं विचारत होती, मीठ घातलं का विचारायची तसं.

मी ठरवून ठेवलेलं सगळं घशाशी आलं. तू वाडीत होतीस. मी पाहिलं. पाय मी धुतले. तुझं डोकं शाबूत होतं, मी घाबरलो होतो, मला क्षमा कर. एवढंच होतं. सहा वाक्यं.

“वत्सला,” मी म्हणालो.

“हं?”

“पाणी फार गरम नाही ना?”

“नाही,” ती म्हणाली. “बरं वाटतंय.”